अवयव प्रत्यारोपणानंतर घरी: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं कोण देतंय?

मी डॉक्टर नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत माझी डावी किडनी काढून माझ्या नवऱ्याला बसवली. म्हणजे दाताही मीच आणि घरी आल्यावर सांभाळणारीही मीच. तेव्हापासून सिडको, जेल रोड, निफाड, ओझर, कुठून कुठून फोन येतात. "ताई, आमच्या यांचं ट्रान्सप्लांट झालं, उद्या घरी सोडताहेत, आता काय करायचं?" प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. यातलं बहुतेक किडनीबद्दल आहे, यकृताबद्दल खाली थोडंसं आहे. तुमच्या सेंटरने याहून वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. गोळ्यांचे डोस इथे शोधू नका, ते मी लिहिणारच नाही.

पेशंट घरी यायच्या आधी घरात काय तयारी करावी?

सगळे आधी खोलीला रंग द्यायला काढतात! तेवढं मात्र करू नका. भिंत घासली की धूळ उडते, आणि धुळीबरोबर बुरशीचे कण. रंग द्यायचाच असेल तर महिनाभर आधी उरका. त्यापेक्षा भिंतीला ओल आली आहे का ते बघा. आम्ही ऐन पावसाळ्यात घरी आलो, तेव्हा बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसत होते. रातोरात पलंग हॉलमध्ये हलवला आणि तीन महिने हॉल हीच आमची खोली झाली. पाण्याचा कूलर वापरू नका. एसी असेल तर फिल्टर धुऊन घ्या, पण ते काम पेशंटने करायचं नाही.

वेगळी खोली नसली तरी निभतं. वेगळा पलंग, उघडणारी खिडकी, वेगळा टॉवेल आणि शक्य असेल तर वेगळं बाथरूम, एवढं पुरतं.

विकत काय घ्यायचं? डिजिटल थर्मामीटर, दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन, वजनकाटा, लघवी मोजायला खुणांचं भांडं आणि एक जाड वही. सकाळी उठल्यावर लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करायचं. ताप आणि बीपी दोन वेळा. पाणी किती प्यायलं आणि लघवी किती झाली, तेही मोजायचं. सगळं वहीत लिहायचं. ओपीडीत डॉक्टर आधी "वही आणली का?" विचारतात, तब्येतीची चौकशी नंतर.

गोळ्या पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाल्या तर काय बिघडतं?

पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण आज पंधरा, उद्या चाळीस, परवा "जेवण झाल्यावर घेतो" असं सुरू झालं की बिघडतं.

नवीन किडनी शरीराला परकीच असते. बायकोची असो, आईची असो, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ती चोरच वाटते आणि त्या तिच्यावर धावून जातात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड या तिघांनी मिळून त्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवायचं असतं. गुंगी फार झाली तर बाहेरचे जंतू आत शिरतात, कमी झाली तर पहारेकरी जागे होऊन किडनीवर हात टाकतात. मधली जागा अगदी चिंचोळी असते. टॅक्रोचं रक्तातलं प्रमाण जास्त झालं तर खुद्द किडनीलाच त्रास होतो, म्हणून दर बारा तासांनी, रोज त्याच वेळी. जेवणाच्या आधी की नंतर, हेही रोज एकच ठेवा. आम्ही सकाळ-संध्याकाळ नऊची वेळ धरली आणि मोबाइलमध्ये दोन गजर लावले.

गोळी विसरलात आणि थोड्याच वेळात आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सेंटरला फोन करा. दुप्पट गोळ्या कधीही घेऊ नका. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तरी फोनच करा. जुलाब लागले तरीही, कारण जुलाबात टॅक्रोची पातळी चढते. गोळी खाली जात असेल म्हणजे पातळी उतरेल असं आपल्याला वाटतं, होतं नेमकं उलटं.

आणखी दोन गोष्टी. औषधवाला म्हणेल, "तेच औषध आहे, कंपनी फक्त वेगळी." इतर बऱ्याच गोळ्यांना ते चालतं. टॅक्रोची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, बदललीच तर पातळी पुन्हा तपासावी लागते. दुसरी गोष्ट, स्टिरॉइडची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने अंगावर बेतू शकतं.

टॅक्रो लेव्हलच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची की नाही?

रक्त देईपर्यंत घ्यायची नाही. रात्रीच्या गोळीला बारा तास झाले की रक्त द्यायचं आणि लगेच तिथेच गोळी घ्यायची.

हे मी तीनदा सांगते, कारण आमची इथेच फसगत झाली. दुसऱ्या महिन्यात एका लॅबचा माणूस घरी सॅम्पल घ्यायला साडेनऊला येतो म्हणाला आणि अकराला आला. यांनी तोवर सवयीने गोळी घेऊन टाकली होती, आणि त्याने काही विचारलं नाही. लेव्हल आली दुपटीच्या आसपास. मुंबईहून डोस कमी करायचा निरोपही आला. मी वही काढली, वेळा बघितल्या आणि फोन केला, म्हणून ते तिथेच थांबलं. तेव्हापासून सॅम्पलच्या चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ मीच लिहिते.

मुंबईला फॉलोअप असला की आणखी एक पेच पडतो. पंचवटी एक्सप्रेसने निघालात तर नऊ वाजता तुम्ही गाडीतच असता. यावर दोन मार्ग आहेत. एक, सेंटरच्या को-ऑर्डिनेटरला विचारून दोन दिवस आधी नाशिकमध्येच सॅम्पल द्या आणि रिपोर्ट मोबाइलवर घेऊन जा. दुसरा, गोळीची वेळच त्यांच्या सल्ल्याने पुढे सरकवून घ्या. रस्त्याने जात असाल तर कसारा घाटाचा भरवसा धरू नका. पुण्याचं सेंटर असेल तर नाशिक-पुणे रस्त्यालाही तेच लागू. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही, आणि दोन दिवसांच्या जादाच्या घ्या. मे महिन्यात बंद गाडीत औषध ठेवलं तर ते भट्टीत ठेवल्यासारखंच.

आमची द्राक्षबाग आहे. डिस्चार्ज कार्डवर द्राक्ष बंद लिहिलंय. खरंच?

हा सगळ्यात अस्सल नाशिकचा प्रश्न! पिंपळगावच्या एका काकूंनी मला रडत फोन केला होता, "चाळीस वर्षं बाग केली, आता एक मणी खायचा नाही म्हणतात."

कार्ड नीट वाचा. बंद असतं ते ग्रेपफ्रूट. कार्ड इंग्रजीत असतं, घरातलं कॉलेजचं पोरगं मोबाइलवर त्याचं मराठी करतं आणि ग्रेपफ्रूटचं द्राक्ष होऊन जातं. ग्रेपफ्रूट हे संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं, नारळाएवढं नाही पण मोसंबीपेक्षा मोठं, कडवट फळ आहे. झाडाला ते घोसाने लागतं, म्हणून इंग्रजांनी त्याला द्राक्षाचं नाव दिलं. आपल्या आतड्यात टॅक्रोचा बराच भाग मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. ग्रेपफ्रूट ते बंद पाडतं. मग नेहमीच्याच डोसला पातळी भसकन वर जाते, हात थरथरायला लागतात, रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीवर ताण येतो.

ग्रेपफ्रूट नाशिकच्या बाजारात सहसा दिसत नाही. पण त्याचा बाप दिसतो. गणपतीच्या दिवसांत फळांच्या गाड्यांवर जे पपनस येतं, त्यालाही हाच दोष आहे. प्रसादाच्या ताटातली पपनसाची फोड बाजूला ठेवा.

द्राक्ष औषधाला आड येत नाही. पण त्याचे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला स्वच्छतेचा. सुरुवातीच्या तीन महिन्यांत आम्हाला फक्त साल काढून खायची फळं सांगितली होती, आणि घडातल्या मण्या-मण्यांमधली घाण सहज निघत नाही. पुढे परवानगी मिळाली तेव्हा मणी देठापासून सोडवून, वाहत्या पाण्याखाली चोळून धुऊन दिले. घडच्या घड पाण्यात बुचकळून काढला म्हणजे धुतला असं होत नाही. दुसरा प्रश्न साखरेचा. टॅक्रो आणि स्टिरॉइड दोन्ही साखर वाढवतात, आणि ज्यांना आधी मधुमेह नव्हता त्यांनाही ट्रान्सप्लांटनंतर तो होऊ शकतो. वाटीभर द्राक्षं आणि टोपलीभर द्राक्षं यात फरक आहे, आणि बागाईतदाराच्या घरात वाटी कोण मोजतं?

बागेत जाणं ही वेगळी गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की पेशंटने बागेकडे फिरकायचंच नाही. शेणखत, पालापाचोळा, उकरलेली माती यांच्यापासून पहिले सहा महिने तरी लांब राहायचं, कारण त्यातली बुरशी फुप्फुसात जाते. काकूंना मी म्हटलं, बांधावर खुर्ची टाका, मास्क लावा आणि गड्यांवर तिथूनच ओरडा.

प्रतिकारशक्ती वाढवायला काढा, गुळवेल, च्यवनप्राश दिलं तर?

नाही. आणि इथे मी जरा रागावूनच लिहिते.

आम्ही घरी येऊन सात महिने झाले आणि कोरोना आला. मार्च २०२० मध्ये अख्खं शहर मास्क लावायला शिकत होतं, आमच्या घरी मात्र तो सराव केव्हाच झाला होता. पण त्याच वेळी प्रत्येक नातेवाइकाने काढ्याची कृती पाठवायला सुरुवात केली. शेजारच्या काकांनी गुळवेलीची कांडीच दारात आणून ठेवली. "इम्युनिटी वाढते, भाऊसाहेबांना रोज द्या." माया खरी होती, पण ज्या पहारेकऱ्यांना महिन्याला हजारो रुपये घालून झोपवलंय, त्यांनाच उठवायला निघालेला हा काढा! प्रतिकारशक्ती वाढवतं असं ज्या डब्यावर लिहिलंय, तो डबा या घरासाठी नाही. गुळवेलीचं आणखी एक आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तेव्हा त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ, आपल्या पेशंटला प्रयोगशाळा करायचं कारण नाही.

भाजीतली हळद, आलं, जिरं चालतं. हळदीच्या कॅप्सूल, प्रोटीनचे डबे, ताकदीची भस्मं चालत नाहीत. अंगदुखीवर गल्लीतल्या मेडिकलमधून मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या किडनीला घातक आहेत. सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आधी कार्ड दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं टॅक्रो चढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन उतरवतं. नवीन गोळी कोणतीही असो, आधी सेंटरला फोन.

मिसळ कधी खाता येईल?

हा प्रश्न पुरुषच विचारतात, साधारण तिसऱ्या आठवड्यात.

मिसळीतली मटकी शिजलेली असते, भीती तिची नाही. भीती वरच्या कच्च्या कांद्याची, कधी चिरलं कुणास ठाऊक अशा कोथिंबिरीची, हॉटेलातल्या पाण्याची आणि फरसाणातल्या मिठाची. घरी रस्सा उकळता करा, मटकी त्यातच शिजवा, फरसाण मूठभरच, कांदा घरी चिरून परतून घ्या. यांना ती "हॉस्पिटलची मिसळ" वाटते, पण खातात.

कच्ची मोड आलेली कडधान्यं मात्र अजिबात नको. ज्या उबेत आणि ओलीत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. उघड्यावरची कापलेली फळं, बर्फाचा उसाचा रस, पाणीपुरी, कच्चं किंवा अर्धं उकडलेलं अंडं, न तापवलेलं दूध, हे सगळं बंद. दह्याबद्दल सेंटरागणिक मत वेगळं आहे, तुमचं विचारा. पापड, लोणचं, चिवडा मिठामुळे मागे ठेवायचे. शहाळ्याचं पाणी औषध समजून आणतात, पण टॅक्रोमुळे पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं. रिपोर्ट बघून, विचारून द्या.

आणि एक धोक्याची सूचना. स्टिरॉइडमुळे भूक राक्षसासारखी लागते, आणि वर्षानुवर्षं डायलिसिसचं पथ्य पाळलेल्या माणसाला सगळं एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं. यांचं वजन चार महिन्यांत नऊ किलोने वाढलं. सासूबाई खूश होत्या, "आता कसं अंग धरलं." डॉक्टर खूश नव्हते.

पाणी किती प्यायचं?

डायलिसिसवर असताना पेल्याने मोजून पाणी दिलेलं असतं, त्यामुळे आता भरपूर प्या म्हटलं तरी हात आखडतो. आम्हाला दिवसाला तीन लिटर सांगितलं होतं. तुमचा आकडा लघवीवरून आणि हृदयाच्या तब्येतीवरून ठरेल. पाणी खळखळून उकळलेलं. फिल्टर असला तरी आम्ही पहिलं वर्षभर उकळलंच.

भेटायला येणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं हा अपराध, आणि आलेल्याला दारात थांबवणं त्याहून मोठा. माझ्या बहिणीने यावर तोडगा काढला. दारावर कागद लावला, "डॉक्टरांनी तीन महिने भेटी बंद केल्या आहेत. फोन जरूर करा." दोष डॉक्टरांवर गेला की कुणाला राग येत नाही. तरी एक आत्या केळ्यांचा घड घेऊन थेट पलंगाशी पोचल्याच, आणि म्हणाल्या, "मला कुठे काय झालंय? जरासं नाक वाहतंय."

सर्दी, ताप, जुलाब, नागीण, कांजिण्या, डोळे आलेले असं काहीही असेल तर घरातल्या माणसानेही त्या खोलीत जायचं नाही. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला असेल तर त्याच दिवशी सेंटरला कळवा, पुरळ यायची वाट बघू नका.

घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. त्याच्या लसी चालू ठेवायच्या?

हो. बाळाच्या लसी थांबवायच्या नाहीत. पण बालरोगतज्ज्ञांना घरातल्या पेशंटबद्दल सांगा. तोंडाने द्यायच्या पोलिओच्या आणि रोटाव्हायरसच्या डोसात जिवंत विषाणू असतात आणि ते बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतात. लंगोट बदलायचं काम पेशंटने करायचं नाही. करणाऱ्याने हात साबणाने धुवायचे. पोलिओची इंजेक्शनची लस वापरता येईल का तेही विचारा. पेशंटला स्वतःला कुठलीही जिवंत लस चालत नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या निर्जीव लसी चालतात, त्या कधी घ्यायच्या ते सेंटर सांगतं.

लगेच हॉस्पिटल गाठायचं, ते कशावरून ओळखायचं?

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. थंडी वाजून अंग थरथरणं. लघवी एकदम कमी होणं, लाल होणं, जळजळणं. दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं, पाय-चेहरा सुजणं. नवीन किडनीवर, म्हणजे ओटीपोटाच्या ज्या बाजूला टाके आहेत तिथे दुखणं. टाक्यातून पाणी किंवा पू. धाप. थांबत नाहीत असे जुलाब-उलट्या.

तापाची गोळी देऊन, ताप उतरवून, "सकाळी बघू" असं करू नका. आधी फोन, मग गोळी. नाशिकमधला एक नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर, आधीच ठरवून ठेवा, त्यांना एकदा फाइल दाखवून ठेवा. रात्री दोनला मुंबई गाठायची नसते, जवळ जायचं असतं, आणि तिथून तुमच्या सेंटरशी बोलणं करून द्यायचं असतं. पावसाळ्यानंतर नाशकात डेंग्यू असतोच, तेव्हा तापाला "व्हायरल असेल" म्हणून सोडू नका.

आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवीन किडनी नाकारणं, पुष्कळदा काहीच लक्षण न दाखवता येतं. माणूस ठणठणीत, क्रिएटिनिन मात्र वर. म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. वेळेवर सापडलं तर बहुतेक वेळा उपचार होतो.

दात्याला किती दिवस विश्रांती लागते?

हा प्रश्न मला फार थोड्या लोकांनी विचारलाय. म्हणून मीच तो इथे घातलाय, आणि त्यावर बोलणारही जास्त आहे.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं की दाता तीन-चार दिवसांत घरी येतो. पोटात भरलेल्या हवेमुळे पहिले दिवस खांदा दुखतो. पोटाच्या ऑपरेशनला खांदा का दुखतो म्हणून मी घाबरले होते, तर ते नेहमीचंच निघालं. चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. आता घरात जड म्हणजे काय? भरलेला कुकर, पाण्याची बादली, ओल्या चादरींचं टोपलं, गव्हाचा डबा, कडेवर बसायला धावत येणारं नातवंड. हे सगळं जड आहे.

आपल्या देशात जिवंत दात्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. बायको देते, आई देते, बहीण देते. आणि घरी आल्यावर पेशंटसाठी पलंग, दात्यासाठी ओटा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे ऑपरेशनआधी माझी मुलाखत झाली, कॅमेऱ्यासमोर विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव तर नाही ना?" नव्हताच. पण सातव्या दिवशी मी पोळ्या लाटायला उभी राहिले तेव्हा हे विचारायला कुणी नव्हतं. माझी बहीण सटाण्याहून आली, तिने लाटणं हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "एक किडनी दिलीस, आता आतडं बाहेर यायची वाट बघतेस का?" महिनाभर ती राहिली. डबा लावला, धुण्याला बाई लावली. ज्यांना बहीण नाही त्यांनी ऑपरेशनची तारीख ठरवतानाच महिनाभराच्या माणसाची सोय ठरवावी. ती नसेल तर तारीख पुढे ढकला म्हणायची हिंमत करा.

उरलेली एक किडनी हळूहळू जास्त काम उचलते आणि दाता नेहमीसारखं जगतो. पण वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, आयुष्यभर. वेदनाशामक गोळ्या दात्यानेही टाळायच्या. आणि ऑपरेशननंतर काही आठवडे उगाच रडू येतं, रितं रितं वाटतं. फुलं, फळं, फोन सगळे पेशंटला असतात. हे तुमच्याच बाबतीत होतंय असं नाही, आणि ते डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही.

रंगपंचमीची रहाड, रामकुंडात स्नान, देवदर्शन?

रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा तो मोठा हौद, कायमची बंद, असं मी तरी म्हणेन. शनी चौकात काय, तिवंध्याला काय, शेकडो माणसं एकाच पाण्यात धप्पा मारतात. त्यात नवीन किडनी फासळ्यांच्या आड नसते, ओटीपोटात कातडीखालीच असते. वरून कुणी अंगावर पडलं तर मार थेट तिला.

रामकुंडाचंही तेच. २०२७ च्या सिंहस्थाला घरी पाहुणे येतील, त्यांना गोदाघाटावर दुसऱ्या कुणीतरी न्यावं. पाण्यात उतरायचं नाही, आणि तीर्थ ओठाला न लावता डोळ्यांना लावायचं. पंचामृतात कच्चं दूध असतं, तेही नको. काळाराम मंदिरात गर्दी नसते अशा वेळी, मास्क लावून, सहा महिन्यांनंतर जायला हरकत नसते. वणीला गेलात तर पायऱ्यांचा हट्ट नको, ट्रॉली आहे.

निर्जळी उपास नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तरी पाणी आणि गोळ्या चालूच. रोजे धरणाऱ्यांनी सेंटरशी आधी बोलावं.

गाडी, वजन, कामावर जाणं?

पाच किलोच्या वर सहा ते आठ आठवडे काही उचलायचं नाही. गाडी साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. दुचाकी त्याहूनही उशिरा, आपल्या खड्ड्यांचा विचार करून. पट्टा लावायचाच, मध्ये छोटी उशी ठेवा. बैठं काम असेल तर दोन-तीन महिन्यांत कामावर जाता येतं. अंबड-सातपूरला धूळ-धुराच्या खात्यात असाल तर खातं बदलून मिळण्यासाठी डॉक्टरांचं पत्र आधीच घ्या. चालणं पहिल्या आठवड्यापासून. आम्ही हॉलमध्ये फेऱ्या मारायचो, वीस फेऱ्यांना एक शेंगदाणा डब्यात टाकायचा, हिशोब राहतो.

कुत्रा, मांजर, कबुतरं?

कुत्र्याला घराबाहेर काढू नका, त्याच्या लसी पूर्ण करा, तोंड चाटू देऊ नका. मांजराची घाण पेशंटने साफ करायची नाही. गॅलरीतली कबुतरं मात्र हाकला. त्यांच्या विष्ठेतल्या बुरशीने फुप्फुसाचा आणि मेंदूचा आजार होतो. जाळी बसवा, वाळलेली घाण झाडू नका, पाणी टाकून ओली करून मग काढा.

नवरा-बायकोचे संबंध, मूल?

लाजून कुणी विचारत नाही, मग भलतंच करून बसतात. टाके भरले की, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, संबंधांना हरकत नसते. किडनीला त्याने इजा होत नाही. पेशंट बाई असेल तर पाळी लवकरच पुन्हा सुरू होते, म्हणून गर्भनिरोधक पहिल्यापासून हवंच. दिवस राहण्यासाठी किमान एक वर्ष थांबायला सांगतात, आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक असल्याने ते डॉक्टर बरंच आधी बदलून देतात. आपल्या मनाने बंद करायचं नाही.

चेहरा फुगलाय, हात थरथरतात, आणि स्वभाव पार बदललाय. हे असंच राहणार?

चेहरा स्टिरॉइडने, थरथर टॅक्रोने. डोस उतरत जातात तसं दोन्ही कमी होतं. स्वभावाचं म्हणाल तर पहिल्या दोन महिन्यांत आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं गेलंय. रात्रभर झोप नाही, पहाटे चारला कपाट आवरायला काढायचं. तेही औषधाचंच होतं. ते डॉक्टरांना सांगायचं असतं हे मला उशिरा कळलं.

आधीच्या किडन्या कुठे जातात? हातातली फिस्टुला?

जुन्या किडन्या बहुतेक वेळा तिथेच राहतात. काढत नाहीत. डायलिसिससाठी हातात शीर जोडून केलेली फिस्टुलाही तशीच ठेवतात. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. आत घातलेली डीजे स्टेंट नावाची नळी मात्र साधारण चार-सहा आठवड्यांनी काढायची असते. तारीख कॅलेंडरवर लिहा, लोक विसरतात.

आमचं लिव्हरचं ट्रान्सप्लांट आहे. हेच सगळं लागू?

गोळ्यांची शिस्त, जंतुसंसर्ग, ग्रेपफ्रूट, काढे, लसी, सगळं तेच. फरक असा की टाका मोठा असतो, त्यामुळे उचला-उचलीला आणखी उशीर. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगाला खाज, शौचाचा रंग पांढुरका होणं, याला लगेच फोन. दारू कायमची बंद. नाशिकची वाईनही त्यात आली. "फळांचीच तर असते" हा युक्तिवाद मी ऐकलाय.

वर्ष झालं, सगळं छान आहे. आता वही बंद केली तर?

रोजचं लघवी मोजणं आमचं तिसऱ्या महिन्यानंतर थांबलं, डॉक्टरांनी सांगितल्यावर. वजन आणि बीपी अजून चालू आहे. पहिल्या महिन्यांत आठवड्याला दोनदा होणारं रक्त पुढे महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी येतं, पण शून्यावर येत नाही. गोळ्याही नाही. वर्षानंतर किडनी जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे बरं वाटतंय म्हणून टाळलेल्या गोळ्या, आणि त्यात तरुण पोरं जास्त असतात. होस्टेलला, नोकरीला बाहेर गेलेल्या मुलाला रोज रात्री नऊला फोन करायची लाज वाटून घेऊ नका. जेवलास का, हे नंतर विचारा.